जुनं जपानी मँडोलिन कसं पारखावं

जुनं जपानी मँडोलिन समोर आलं की बहुतेकांची नजर आधी वाद्याच्या डोक्यावरच्या, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावरच्या नावाकडे जाते. 'इबानेझ' दिसलं की भारी, नाव अनोळखी असलं की टाकाऊ. नवख्या माणसाचे पैसे इथेच वाया जातात. जपानी वाद्यावरचं नाव बहुतेक वेळा विकणाऱ्याचं असतं, बनवणाऱ्याचं नसतं. वाद्य कुठलं, कधीचं आणि किती मोलाचं हे कळतं ते त्याच्या आकारावरून, आतल्या लेबलवरून, लाकडाच्या कडांवरून आणि सगळ्यात जास्त त्याच्या नेकवरून, म्हणजे तारा दाबायच्या दांडीवरून. मी याच क्रमाने जातो. डोक्यावरचं नाव शेवटी वाचलं तरी चालतं.

आपल्याकडे मँडोलिनचा आवाज घराघरांत पोचला तो हिंदी चित्रपटसंगीतातून. संगीतकार सज्जाद हुसेन स्वतः अव्वल मँडोलिनवादक होते, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी रेकॉर्डिंगमध्ये मँडोलिन वाजवत. मँडोलिनचं ट्यूनिंग व्हायोलिनसारखंच, जी-डी-ए-ई. फक्त प्रत्येक सुराला दोन तारा, म्हणजे एकूण आठ. त्यामुळे व्हायोलिन शिकलेला हात याकडे सहज वळतो, आणि असे बरेच लोक आता स्वस्तात चांगलं वाद्य म्हणून जुन्या जपानी मालाकडे बघतात. बघणं योग्यच आहे, पारख मात्र हवी.

आधी घराणं ओळखा

जपानी मँडोलिनची दोन घराणी आहेत आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

पहिलं नेपल्सचं. पाठ सतारीच्या भोपळ्यासारखी फुगीर, लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली. वरची पाटी ब्रिजच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या मागे किंचित खाली वळलेली, आणि मधोमध गोल किंवा अंडाकृती छिद्र. जपानमध्ये हे घराणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रुजलं. केइओ विद्यापीठाचा मँडोलिन क्लब 1910 चा. ताकेइ मोरिशिगे यांनी 1915 मध्ये स्वतःचा मँडोलिन वाद्यवृंद उभा केला. नेपल्सचे वादक आणि कारागीर राफाएले कालाचे 1920 च्या दशकात स्वतः जपानला येऊन वाजवून गेले. पुढे एन्का या जपानी भावगीतांचे मोठे संगीतकार झालेले कोगा मासाओ हे मेइजी विद्यापीठाच्या मँडोलिन क्लबमधून आले. विद्यार्थ्यांचे असे मोठाले वाद्यवृंद तिथे आजही आहेत. एवढे विद्यार्थी म्हणजे तेवढीच वाद्यं, म्हणून जुन्या बाजारात गोल पाठीच्या जपानी मँडोलिनची रेलचेल असते. त्यांच्या कमी किमतीचं पहिलं कारण ही रेलचेल आहे. कारागिरी कमी पडते म्हणून ती स्वस्त आहेत असं समजू नका.

दुसरं घराणं अमेरिकन. पाठ सपाट किंवा हलकी कमानदार, बाजूंना व्हायोलिनसारखी एफ-छिद्रं किंवा मधे एकच अंडाकृती छिद्र. साध्या थेंबाच्या आकाराला ए-प्रकार म्हणतात. खांद्यावर गुंडाळीसारखा नक्षीचा वळसा आणि बाजूला टोकं असतील तर एफ-प्रकार. मूळ नमुना कॅलमझू इथल्या गिब्सन कंपनीचा. लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली 1922 ते 1924 या काळात बनलेलं एफ-5 हे त्याचं शिखर. अमेरिकन वादक-गायक बिल मन्रो यांच्या हातात असंच एक 1923 चं वाद्य होतं, आणि त्यांच्यामुळे ते ब्लूग्रासचं, म्हणजे अमेरिकन ग्रामीण ढंगाच्या तंतुवाद्यांच्या संगीताचं वाद्य ठरलं. जपानमध्ये ब्लूग्रासचं वेड 1960 आणि 70 च्या दशकांत चांगलंच पसरलं. कोबेचा 'ब्लूग्रास 45' हा बँड 1971 मध्ये अमेरिकेचा दौरा करून आला. जपानी कारखान्यांनी याच सुमारास अमेरिकन बाजारासाठी या आकाराची मँडोलिनं मोठ्या संख्येने काढली.

घराणं आधी का ठरवायचं? कारण घेणारे वेगळे. ब्लूग्रास वाजवणारा गोल पाठीचं मँडोलिन फुकट मिळालं तरी फार तर भिंतीवर टांगेल. वाद्यवृंदात वाजवणाऱ्याला एफ-प्रकाराचा कोरडा, ठोकीव आवाज नको असतो. आपल्याला काय वाजवायचं आहे हे पक्कं नसेल तर पुढचं सगळं मोजमाप निरर्थक आहे. जुन्या चित्रपटगीतांतल्या लांब थरथरत्या सुरांसाठी मी स्वतः गोल पाठीचंच सुचवेन.

छिद्रातून आत बघा

छिद्रातून आत टॉर्च मारा, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा छिद्राला टेकवून फोटो काढा. लेबल असेल तर ते आतल्या पाठीवर चिकटवलेलं असतं.

गोल पाठीच्या वाद्यात सगळ्यात जास्त भेटणारं नाव सुझुकी. सुझुकी मासाकिची यांचं घर शामिसेन हे तीन तारांचं जपानी वाद्य बनवणाऱ्यांचं. त्यांनी नागोयात 1887 च्या सुमारास व्हायोलिन बनवायला सुरुवात केली आणि पुढे कारखाना मोठा केला. मुलांना व्हायोलिन शिकवण्याची 'सुझुकी पद्धत' काढणारे शिनिची सुझुकी हे त्यांचेच चिरंजीव. इथे दोन गोष्टींत गल्लत होते. 'किसो सुझुकी' असं लेबल असेल तर ती नागानो प्रांतातल्या किसो खोऱ्यातली, नागोयाच्या कारखान्यापासून वेगळी झालेली कंपनी. आणि हार्मोनिका, मेलोडियन बनवणारी हामामात्सुची सुझुकी कंपनी तर आणखीच वेगळी. विकणारे तिन्हींचा इतिहास एकत्र करून सांगतात. लेबलवर गावाचं नाव काय आहे ते वाचा.

नागोयाबद्दल थोडं विषयांतर करतो. ताइशोगोतो हे बटणं दाबून वाजवायचं तंतुवाद्य गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये याच शहरात बनवलं. गणपतीच्या मिरवणुकीत आपण ज्या बेंजोवर नाचतो, तो आणि बुलबुलतरंग हे त्या ताइशोगोतोचेच वंशज. म्हणजे नागोयाच्या तारा आपल्या कानांना आधीपासून ओळखीच्या आहेत.

आता काळ. जपानी लेबलवर साल बऱ्याचदा सम्राटाच्या कालगणनेत असतं. ताइशो असेल तर आकड्यात 1911 मिळवा, शोवा असेल तर 1925, हेइसेइ असेल तर 1988. म्हणजे शोवा 45 हे 1970 झालं. आकडे चिनी चिन्हांत असतील तर मोबाइलवरचं भाषांतराचं ॲप कामापुरतं वाचून देतं. आडव्या ओळीतली जपानी अक्षरं उजवीकडून डावीकडे लावलेली असतील तर लेबल बहुधा महायुद्धाच्या आधीचं. इंग्रजीत नुसतं 'निप्पॉन' असेल तर माल 1921 च्या आधी अमेरिकेला गेलेला असण्याची शक्यता मोठी, कारण त्या वर्षापासून अमेरिकन कस्टम्सने 'जपान' हाच शब्द मागायला सुरुवात केली. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' हा शिक्का साधारण 1947 ते 1952 च्या निर्यात मालावर मिळतो. या शिक्क्यासाठी जमवाजमव करणारे हौशी लोक जास्त पैसे मोजतात, वाजवणाऱ्याने मोजू नयेत.

अमेरिकन घराण्याच्या वाद्यांत गोष्ट अवघड होते. तिथे 'मेड इन जपान' हा बऱ्याचदा डोक्यामागे चिकटवलेला चमकीचा छोटा कागद असतो आणि तो पहिल्या काही वर्षांतच निघून जातो. डोक्याच्या मागच्या बाजूला तिरका प्रकाश टाकून बघा. कागद निघाला तरी पॉलिशवर त्याचा लंबगोल ठसा राहतो, आजूबाजूपेक्षा किंचित फिकट किंवा किंचित चकचकीत. तो दिसला तर मूळ देशाची खूण तिथे होती एवढं नक्की. देश कुठला, हे बाकीच्या पुराव्यांवरून ठरवावं लागतं.

इथे नावाचा प्रश्न येतो. इबानेझ हा नागोयाच्या होशिनो गाक्की या व्यापारी कंपनीचा ब्रँड, आणि वाद्यं बनवून घेतलेली वेगवेगळ्या कारखान्यांतून. आरिया हा नागोयाच्याच आराई कंपनीचा. केंटकी हा कॅलिफोर्नियाच्या सागा कंपनीचा, अल्वारेझ सेंट लुइस म्युझिकचा. याशिवाय अमेरिकेतल्या घाऊक व्यापाऱ्यांनी आपापली नावं घालून मागवलेली कितीतरी. एकाच कारखान्यातून निघालेली दोन सारखी वाद्यं दोन नावांनी विकली गेली, आणि एकाच नावाखाली उत्तम आणि सुमार असा दोन्ही माल गेला.

शिवाय देश बदलला. सप्टेंबर 1985 च्या प्लाझा करारानंतर येन झपाट्याने महागला आणि जपानमध्ये बनवून अमेरिकेत विकणं परवडेनासं झालं. उत्पादन कोरियात गेलं, पुढे चीनमध्ये. केंटकी हे याचं ठळक उदाहरण. सुरुवातीची जपानी, मग कोरियन, मग चिनी, नाव तेच. त्यामुळे 'केंटकी आहे म्हणजे जपानी' हे गृहीत धरू नका. आणि इबानेझ गिटारच्या अनुक्रमांकावरून साल काढण्याचे तक्ते मँडोलिनला तसेच्या तसे लावू नका.

अखंड लाकूड की प्लायवूड

आता छिद्राची कड बघा. वाद्य अमेरिकन घराण्यातलं असेल तर आवाजाचा आणि किमतीचा मोठा वाटा इथे ठरतो.

वरच्या पाटीवर स्प्रूस या लाकडाच्या बारीक समांतर रेषा दिसतात. त्यातली एक रेषा नजरेने धरून छिद्राच्या कडेपर्यंत या आणि कडेवरून खाली बघा. तीच रेषा जाडीत उतरत असेल तर लाकूड अखंड. कडेला दोन-तीन थर आडवे दिसत असतील, मधला थर वेगळ्या रंगाचा असेल, तर प्लायवूड. कडेला काळा रंग फासलेला असेल किंवा पांढरी पट्टी बसवलेली असेल तर ही तपासणी होत नाही. मग एफ-छिद्रातून आतल्या बाजूचा फोटो घ्या. आतल्या रेषा बाहेरच्या रेषांशी जुळतात का, ते बघा.

अखंड असलं तरी पाटी कोरलेली आहे की उष्णतेने दाबून वाकवलेली, हा पुढचा प्रश्न. कोरलेली पाटी मधे जाड आणि कडेकडे पातळ होत जाते, दाबलेली सगळीकडे एकाच जाडीची असते. 1970 च्या दशकातली कमी किमतीची एफ-प्रकाराची जपानी वाद्यं बहुतांशी प्लायवूडची. नक्षीचा वळसा, मोत्यासारखं जडकाम, सोनेरी खुंट्या सगळं असतं, आवाज मात्र पेटीत कोंडल्यासारखा. दिसायला साधं पण कोरलेल्या अखंड पाटीचं ए-प्रकाराचं मँडोलिन त्याच्यापेक्षा कधीही सरस. नवख्या माणसाला भुलवणारी वाद्यं याच जातीची असतात, म्हणून हे ठासून सांगतो.

गोल पाठीच्या वाद्यात पाठीच्या पट्ट्या मोजा. पट्ट्या जास्त आणि अरुंद म्हणजे काम जास्त. रोजवूडच्या असतील, आणि प्रत्येक पट्टी मधे खोलगट करून दोन पट्ट्यांमध्ये उभी धार ठेवलेली असेल, तर वाद्य वरच्या श्रेणीचं. विद्यार्थ्यांसाठीच्या वाद्यांत पट्ट्या कमी, रुंद आणि साध्या. ओचिआई, नोगुची अशा एकट्या कारागिरांच्या वाद्यांना वाद्यवृंदांत मान आहे आणि त्यांची किंमत कारखान्याच्या मालापेक्षा कितीतरी वर असते. असं नाव सांगितलं जात असेल तर लेबलचा स्पष्ट फोटो, सही आणि साल मागा. नुसत्या शब्दावर जाऊ नका.

नेक: सौदा इथे ठरतो

माझ्या मते बाकी सगळं एकीकडे आणि हे एकीकडे. आठ तारांचा ताण वर्षानुवर्षं नेकला पुढे ओढत असतो. जुन्या गोल पाठीच्या वाद्यांत नेक सरळ करायला आत लोखंडी सळई सहसा नसते, म्हणजे वाकलेला नेक किल्ली फिरवून सुधारता येत नाही.

तार सुरात असताना बाराव्या फ्रेटवर, म्हणजे नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या बाराव्या तुकड्यावर, मोजपट्टी उभी धरा. फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंतचं अंतर मोजा. दीड ते दोन मिलिमीटर असेल तर छान. तीनच्या वर असेल तर ब्रिजकडे बघा. ब्रिज उंच असेल तर तो घासून तार खाली आणता येईल, काम किरकोळ आहे. ब्रिज आधीच घासून घासून चपटा झालेला असेल आणि तरीही तार वर असेल, तर नेकचा कोन गेलेला आहे. तो सोडवून परत बसवणं हे कुशल कारागिराचं काम, आणि विद्यार्थी-श्रेणीच्या वाद्याच्या किमतीपेक्षा ते बहुधा महाग पडतं. विकणाऱ्याकडून हाच फोटो मागा: बाजूने काढलेला, मोजपट्टी लावलेला, ब्रिज दिसणारा. तो पाठवायला टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नका.

मग वाद्य डोळ्यांसमोर आडवं धरून डोक्याकडून ब्रिजच्या दिशेने बघा. नेक पिळवटलेला आहे का? छिद्र आणि ब्रिज यांच्यामध्ये पाटी खचली आहे का? थोडा खोलगटपणा जुन्या वाद्यात चालतो. खळगा पडला असेल तर आतली आडवी पट्टी सुटलेली असू शकते. पाटीवर बोटाच्या पेराने हलकेच टकटक करा. सुटलेली पट्टी फाटका, फरफरता आवाज देते.

शेवटी सुराची तपासणी. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि त्याच जागी तार नुसती स्पर्शून काढलेला सूर एकच यायला हवा. फरक असेल तर घाबरू नका. मँडोलिनचा ब्रिज चिकटवलेला नसतो, तो सरकवून बहुतेक वेळा सूर जुळतो.

बाकीचे भाग

खुंट्या फिरतात का, तारा अडकवायच्या पत्र्यावरचं झाकण आहे का, ब्रिज मूळचा आहे का, एवढं बघा. झाकण आणि खुंट्यांच्या टोप्या हरवलेल्या असतात आणि त्याच मापाच्या मिळवताना दमछाक होते. नखीच्या ओरखड्यांपासून पाटी वाचवायला बसवलेला कासवपाठीसारखा तुकडा बहुधा सेल्युलॉइडचा असतो. तो सुरकुतला असेल, चुरा होत असेल, बाजूची धातूची पट्टी हिरवी पडली असेल तर सेल्युलॉइड कुजतंय. त्यातून निघणारी वाफ पेटीतल्या इतर भागांनाही खाते, म्हणून तो काढावाच लागतो. खरं कासवाचं कवच किंवा ब्राझिलियन रोजवूड असल्याचा दावा असेल तर लक्षात ठेवा, दोन्हींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या कराराने बांधलेला आहे. परवान्याशिवाय असं वाद्य सीमेपार मागवू नका.

आता किंमत

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत या वेगळ्या गोष्टी. लिलावाच्या साइटवर 'विकले गेलेले' हा पर्याय निवडून तेच मॉडेल प्रत्यक्षात कितीला गेलं ते बघा. जपानमध्ये याहू ऑक्शन्सवर आणि हार्ड ऑफसारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत विद्यार्थी-श्रेणीची गोल पाठीची वाद्यं काही हजार येनपासून मिळतात. दुकानात 'जंक' अशी चिठ्ठी लावलेली असेल तर अर्थ एवढाच की दुकान कसलीही हमी देत नाही. त्यात चांगलं वाद्यही निघतं, पण नेक हातात घेऊन तपासता येत असेल तरच त्या वाटेला जावं.

हिशोब असा करा. समजा सुझुकीचं शोवा 45 चं वाद्य आहे, पाठ साधी, पाटी अखंड, तडा नाही, पण बाराव्या फ्रेटवर चार मिलिमीटर आणि ब्रिज चपटा. अशाच धड वाद्याला बाजारात जे मिळतं त्यातून नेक बसवण्याचा, पाठवणीचा आणि कस्टम्सचा खर्च वजा करा. उत्तर शून्याच्या खाली गेलं तर ते वाद्य जाऊ द्या, विकणारा कितीही 'विंटेज' म्हणो. हाच दोष कोरलेल्या पाटीच्या 1970-80 च्या दशकातल्या वरच्या श्रेणीच्या इबानेझ किंवा जपानी केंटकीत असेल तर उत्तर वेगळं येईल, तिथे दुरुस्ती परवडते.

'लॉसूट' (कोर्टातला दावा) हा शब्द किंमत फुगवायला सर्रास वापरला जातो. गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिनने 1977 मध्ये होशिनोच्या अमेरिकन शाखेवर, एल्गरवर, फिलाडेल्फियात दावा लावला होता. तो गिटारच्या डोक्याच्या आकारावरून होता आणि निकाल न लागता पुढच्या वर्षी तडजोडीत मिटला. मँडोलिनच्या आवाजाशी त्याचा संबंध नाही. या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

घरी आणताना

पाठवणाऱ्याला तारा दोन-तीन सूर उतरवायला सांगा, सगळ्या काढायला नको, कारण तारा निघाल्या की ब्रिज सुटा होऊन पाटीवर ओरखडे काढतो. ब्रिजच्या दोन्ही बाजूंना कागदी टेप लावून जागा खुणेने राखायला सांगा. वाद्य आल्यावर खोकं लगेच फोडू नका, दिवसभर खोलीतल्या हवेत राहू द्या.

गोल पाठीच्या वाद्यावर अमेरिकन मँडोलिनच्या 11-40 मापाच्या जाड तारा कधीच चढवू नका. तो ताण या हलक्या पाटीला पेलत नाही, आणि नीट असलेला नेकही ओढला जातो. हलका संच घ्या. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात वाद्य पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या वेळेवर बदला. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात नेमकं उलटं होतं: पाठीच्या पट्ट्यांमधले सांधे कोरड्या हवेने उघडतात, तेव्हा कूलरच्या झोतापासून लांब पण पेटीत थोडा ओलावा राहील असं बघा. सांधा उघडलाच तर त्यात फेव्हिक्विक ओतू नका. नंतर कारागिराला तो साफ करून नीट चिकटवता येत नाही.